उल्हासरावांचा वरचा सूर

उल्हास टिकेकरांना देवानं सगळं दिलं होतं. रेल्वेतली नोकरी दिली, निवृत्तीनंतर लखनौच्या गोमती नगरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट दिला, भक्कम दात दिले, मधुमतीसारखी बायको दिली. आता एवढं दिल्यावर त्यानं हात आखडता घ्यायला काय हरकत होती? पण नाही, गळाही दिला. बरं, साधा गळा असता तर माणूस गणपतीत दोन भजनं म्हणून गप्प बसला असता. टिकेकरांचा गळा निघाला ऑपेराचा.

तुम्ही म्हणाल, मूळचा सांगलीचा माणूस, जन्म गेला रेल्वेच्या सिग्नलांत, याला हे खूळ चिकटलं कुठून? तर सरकारनं चिकटवलं. ऐन उमेदीत सिग्नलच्या ट्रेनिंगसाठी त्यांना इटलीला पाठवलं. तिथल्या घरमालकिणीकडे एक जादा तिकीट होतं, ते वाया जाऊ नये म्हणून हे गेले. बघतात तर काय, स्टेजवर एक धिप्पाड गडी पोटात सुरा खुपसलेल्या अवस्थेत आडवा पडलाय आणि मरायचं सोडून गातोय! शेजारी ज्यानं सुरा खुपसला तो उभा, तोही बापडा घाई करत नाही. उल्हासरावांच्या डोळ्यांना धार लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मधुमतीला फोन केला. "अगं, हे तर आपलं संगीत नाटकच! माणूस मरायला टेकलाय, पण वन्समोअर घेतल्याशिवाय जीव सोडत नाही." मधुमतीनं विचारलं, "स्वेटर घालताय ना?"

परत आले ते कॅसेटींनी भरलेली पिशवी घेऊन. इटालियन शब्द देवनागरीत उतरवून पाठ केले आणि जे सुरू झाले ते थांबायचं नाव नाही. रुळांच्या तपासणीला निघाले की ट्रॉलीवर बसून गायचे. ट्रॉली ढकलणारे गडी मग इतके जोरात पळायचे, की टिकेकरसाहेबांची तपासणी अख्ख्या विभागात सगळ्यात आधी संपायची. रेल्वेच्या बंगल्याभोवती मोठं आवार होतं, तेव्हा ऐकायला फक्त म्हशी होत्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

मधुमतीचा प्रकार वेगळा. तिला त्या गाण्याचा राग नव्हता, पण एका जागी बसणं हे तिच्या कुंडलीतच नव्हतं. दुसऱ्या ओळीला तिला गॅसवरचं दूध आठवायचं, तिसऱ्या ओळीला धोबी. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं एकही गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. उल्हासराव बोलून दाखवायचे नाहीत. पण लागायचं हो, माणसाला लागतंच.

फ्लॅटमध्ये आल्यावर तर तिनं सक्त ताकीद दिली. "इथं वरखाली माणसं राहतात. गायचं असेल तर रजयांच्या कपाटात तोंड घालून गा." आणि हा पठ्ठ्या खरंच रजयांत तोंड घालून गायचा! शेजाऱ्यांना इतकंच माहीत, की टिकेकरांकडे कसलं तरी मशीन आहे आणि ते दुपारी घुमतं.

असंच चाललं असतं, पण यंदाच्या थंडीत गळ्याशी गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, गाठ गरीब आहे, घाबरू नका, पण काढावी लागेल. मग त्यांनी विचारलं, "आप गाते हैं क्या?" उल्हासराव म्हणाले "हाँ" आणि त्याच क्षणी मधुमती म्हणाली "नहीं." डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि सांगितलं, की बोलायला काही अडचण येणार नाही, वरच्या पट्टीचं मात्र वचन देता येत नाही.

झालं! उल्हासरावांची झोप उडाली. त्यांच्याकडे एक गाणं होतं. बायको वारलेला एक राजपुत्र तिला परत बोलावतो, त्याचं. त्याच्या शेवटी एक सूर आहे, असा उंच, की तिथं पोचेपर्यंत भल्याभल्यांची बोबडी वळते. तो सूर उल्हासरावांना लागायचा. रोज नाही, पण लागायचा. आता ऑपरेशननंतर तो जाणार असेल तर जाऊ दे, पण जाण्याआधी एकदा तरी तो धडपणे रेकॉर्ड झाला पाहिजे, त्याच्या आधीच्या सगळ्या गाण्यांसकट, एका बैठकीत. नाहीतर असा सूर कधी आपल्या गळ्यात होता यावर आपलाच विश्वास बसणार नाही. त्यांनी हजरतगंजातून चांगला माइक आणला आणि कामाला लागले. कपाटातलं रेकॉर्डिंग ऐकलं तर गोधडीत गुंडाळलेला माणूस मदतीसाठी ओरडतोय असं वाटत होतं. कपाटाबाहेर येऊन केलं तर ऐन वरच्या सुराला कुकरची शिट्टी झाली. तीही बरोबर सुरात, हे जास्त झोंबलं.

ते दोन दिवस जेवले नाहीत नीट. शेवटी मधुमतीच म्हणाली, "मी ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपर्यंत मैत्रेयीकडे जाते. घर मोकळं करून घ्या आणि काय ते एकदाचं गाऊन टाका." त्यांची मुलगी मैत्रेयी राहते शहराबाहेर बख्शी का तालाबला, जावई एअर फोर्समध्ये. जावयाची गाडी आली. मधुमतीचं त्या दिवशी डोकं चढलं होतं, म्हणून ती डोक्याला ओढणी घट्ट बांधून, मागच्या सीटवर आडवी होऊन गेली. जाताना म्हणाली, "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! जास्त ताणू नका." हे सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या मिसेस निगमनी बाल्कनीतून बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे जे दिसलं त्यापेक्षा जे वाटलं ते जास्त.

बायको गेली आणि उल्हासरावांनी गळा मोकळा सोडला. दोन दिवस तालीम चालली. साथीचा पियानो त्यांच्या कानातल्या हेडफोनात, बाहेर ऐकू येणार फक्त यांचा आवाज. म्हणजे मध्येच टाहो, मग लांबलचक शांतता, मग पुन्हा टाहो. निगमांच्या घरी ताटातला घास ताटात राहिला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बैठक मांडली. गाणं इटलीचं असलं तरी माणूस सांगलीचा, त्याला बैठक म्हणजे एकच ठाऊक. सोफा, टेबल, खुर्च्या आतल्या खोलीत ढकलल्या. हॉलमध्ये गाद्या घातल्या, त्यावर पांढऱ्याशुभ्र चादरी. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवरही पांढऱ्या चादरी. उदबत्ती लावली. चपला दाराबाहेर. आणि सूर कुणाकडे तरी बघून लावावा असं त्या घरमालकिणीनं सांगितलेलं, म्हणून समोर स्टुलावर मधुमतीचा फोटो ठेवला. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं दारातून हे बघितलं, टोपी काढली आणि पाऊल न वाजवता खाली गेला.

दुपारी निगमसाहेबांचा फोन. आता लखनौचा माणूस, तो मेलेल्याला मेला म्हणणार नाही. त्याला ते उद्धट वाटतं. तो नुसतं 'सुना' म्हणतो आणि मान खाली घालतो.

"टिकेकरजी, हमने सब सुना। आपने बताया तक नहीं।"

उल्हासराव लाजले. "क्या बताता, निगमसाहब। सोचा, चुपचाप निपटा लूँ।"

"ऐसे कैसे? हम लोग शाम को आएँगे। सब आएँगे।"

उल्हासरावांना भरून आलं. श्रोते! आपणहून येणारे श्रोते! "आइए, ज़रूर आइए। बस एक बिनती है। एक बार शुरू हो जाऊँ तो कोई रोके नहीं। आख़िर तक जाने देना।"

निगमसाहेबांचा आवाज चिरकला. "कोई नहीं रोकेगा, भाईसाहब। जी भरके निकाल लीजिए।"

संध्याकाळी सगळी बिल्डिंग आली. पांढरे कुडते, पांढऱ्या साड्या. काय ही लखनवी रसिकता, उल्हासराव मनात म्हणाले, मैफलीचा पोशाखसुद्धा ठरलेला! निगमांनी तहरीचं, म्हणजे तिकडच्या मसालेभाताचं, भलंमोठं पातेलं आणलं, म्हणाले, आज तुमच्या घरी चूल पेटणार नाही हे आम्हाला माहीत आहे. उल्हासरावांना तेही पटलं, गाणारा माणूस स्वयंपाक कधी करणार? मिसेस निगमनी फोटोपुढे फुलं वाहिली आणि हात जोडले. गायकाच्या बायकोचा एवढा मान पुण्यातसुद्धा कुणी ठेवत नाही, असं वाटून त्यांनी माइकची कळ दाबली आणि डोळे मिटून पहिल्या गाण्याला हात घातला.

गाणं संपलं. टाळी नाही, खोकला नाही, सगळ्यांच्या माना खाली. निगमसाहेब पुटपुटले, "ईश्वर शक्ति दे।"

"हाँ जी, बस दम टिका रहे," उल्हासराव म्हणाले आणि दुसरं सुरू केलं.

मागच्या रांगेत कुणीतरी हळूच विचारलं, "इनके यहाँ ऐसे होता है क्या?" शेजारच्यानं डोळे पुसत उत्तर दिलं, "मराठी लोगों में होता होगा। बहुत कल्चर्ड लोग हैं।" गाण्यामागून गाणं झालं. पाय अवघडले, पण कुणी उठलं नाही. उलट एकाचं बघून दुसरा रडायला लागला. असे श्रोते जन्मात मिळत नाहीत, आणि उल्हासरावांचा गळा त्या दिवशी असा लागला होता, की त्यांनाच नवल वाटत होतं.

शेवटच्या गाण्याआधी त्यांनी हेडफोन बाजूला केला. एवढी रसिक मंडळी, त्यांना अर्थ सांगायला नको? "ये गाना एक पति का है," ते म्हणाले. "उसकी पत्नी चली गई है। वो कहता है, तू लौट आ, इस खाली घर में मैं अकेला क्या करूँ।"

हॉलमध्ये हुंदका फुटला. एक नाही, सगळ्यांना एकदमच. निगमसाहेबांनी उपरण्यात तोंड लपवलं. उल्हासरावांनी नम्रपणे मान लववली, हेडफोन पुन्हा चढवला आणि सूर धरला.

आणि नेमकी त्याच वेळी मधुमती घरी आली. रात्री यायची होती, पण जावयाला शहरात काम निघालं, आणि नवऱ्याची दवाखान्याची पिशवी भरायची राहिली होती. बघते तर दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सगळे पांढऱ्या कपड्यांत, पाठमोरे, रडतायत. तिला वाटलं, ऑपरेशनच्या आधीच यांचं काही बरंवाईट झालं. मग नवऱ्याचा आवाज कानावर आला आणि तिनं सुटकेचा श्वास टाकला, मेलेला माणूस काही इतक्या जोरात गाणार नाही. ती दाराशीच शेवटच्या रांगेत टेकली. शेजारी मिसेस निगम. त्यांनी अंधूक डोळ्यांनी नव्या बाईकडे बघितलं, तिचा हात हातात घेतला आणि कुजबुजल्या, "बड़ी भली थीं बेचारी मधुमतीजी। अभी उमर ही क्या थी।"

मधुमतीनं फोटो बघितला. फुलं बघितली. उदबत्ती बघितली. हळूहळू सगळं तिच्या ध्यानात आलं आणि पोटातून हसू असं उसळलं, की तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. उठून 'अहो, मी जिवंत आहे' म्हणावं, तर पुढे काय होईल ते उघड होतं. किंकाळ्या, पळापळ आणि रेकॉर्डिंगचा सत्यानाश. उद्या सकाळी ऑपरेशन. माइकवरचा लाल दिवा चालू. नवऱ्याच्या कपाळावरची शीर फुगली होती, म्हणजे आता तो सूर येणार, एवढं तिलाही कळत होतं. तिनं डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि बसून राहिली. पायाला मुंग्या आल्या, हलली नाही. मिसेस निगम तिचे गुण सांगत होत्या, ते ऐकून घेतले. पर्समध्ये मोबाइल थरथरला, बघितला नाही. आणि मग हसू कधी ओसरलं ते तिलाच कळलं नाही. तो माणूस समोर उभा राहून, घामाघूम होऊन, तिच्या फोटोला जीव तोडून परत बोलावत होता, आणि ती ऐकत होती.

उल्हासरावांनी डोळे उघडले. फोटोच्या मागे, पार दाराशी, खुद्द मधुमती. बसलेली! हातात काम नाही, नजर त्यांच्यावर. त्यांचे हात आपोआप तिच्याकडे पसरले आणि सूर लागला. असा लागला, की भिंतीवरची एक चादर सुटून खाली आली. धरून ठेवला, आणखी धरला, मग अलगद सोडला. त्यांनी कळ दाबली. लाल दिवा विझला.

त्या शांततेत मिसेस निगमनी शेजारच्या बाईला विचारलं, "आप उनकी बहन हैं?"

"नहीं," मधुमती म्हणाली, "मैं वही हूँ।"

मिसेस निगमनी जी किंकाळी फोडली, ती उल्हासरावांच्या सुराच्याही वर गेली. निगमसाहेब मागे सरकताना तहरीत बसले. कुणी राम राम म्हटलं, कुणी दुसऱ्याच्याच चपला घालून जिना गाठला. मधुमतीनं सगळ्यांना हाताला धरून परत आणलं, स्वतःला चिमटे काढून दाखवले, आणि मग हॉलभर जो हशा पिकला तो बराच वेळ थांबेना. निगमसाहेब शीतं झटकत म्हणाले, "भाभीजी, माफ़ कीजिए, आपको जल्दी विदा कर दिया।"

फक्त उल्हासराव हसत नव्हते. त्यांनी रेकॉर्डिंग कानाला लावून बघितलं. सूर आला होता, अख्खा, स्वच्छ. पण तोंड एवढंसं झालं होतं. मंडळी पांगल्यावर, मिसेस निगम तेवढ्या पाणी पीत बसल्या असताना, ते हळूच म्हणाले, "म्हणजे माझं गाणं ऐकायला कुणीच आलं नव्हतं तर."

"ते माझ्यासाठी आले होते," मधुमती चादरीची घडी घालत म्हणाली. "तुमच्यासाठी मी बसले होते. मेल्यासारखी."

उल्हासरावांनी चादरीचं दुसरं टोक धरलं. आणि ते तिथंच हुंदके देत रडायला लागले. मिसेस निगमना नीट दिसत नव्हतं, पण रडणं ऐकू आलं. त्या उठल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बस, भाईसाहब, बस। आ गई हैं।"