राणीसावरगावच्या नवरीची थंड गाडी

शिवकन्याला बसून जेवताना कुणी पाहिलेलं नव्हतं. ताटली हातात घेऊन ती ओट्याशी उभी, नाहीतर दारात उभी. तिसरा घास तोंडात असतानाच कुणाच्या तरी भुवया करायला पुढच्या खोलीत. ती पुढची खोली म्हणजेच तिचं पार्लर. "हिच्या पायाला भिंगरी बांधून धाडलंय," असं सासू गोजरबाई लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, आणि वीस वर्षांत त्यांचं मत तसूभरही बदललं नव्हतं.

नवरा बजरंग नेमका उलटा. गंगाखेडात फ्रिज दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण त्याला घाई अशी कधी झालीच नाही. मे महिन्यात तर साऱ्या गावाचे फ्रिज त्याच्या दारात रांग लावायचे, आणि घरातली वस्तू त्या रांगेत सगळ्यात शेवटी.

शिवकन्याची गाडी अशीच शेवटी राहिली होती. जुनी घेतलेली असली तरी गाडी तिच्या कमाईची होती आणि चालवायचीही तीच. खेड्यातल्या नवऱ्या तालुक्याला येऊन नटायच्या आणि शिवकन्या त्यांना थंड गाडीत बसवून मांडवापर्यंत नेऊन सोडायची. हीच तिच्या पार्लरची ओळख झाली होती. "एसीत खरखर वाजायलीय," असं ती महिनाभर सांगत होती. बजरंगनं एकदा येता-जाता बघितलं, "गॅस कमी झालाय" म्हणाला आणि गॅस भरून मोकळा झाला. आठ दिवसांनी सोनपेठच्या वाटेवर गाडीतून किंचाळल्यासारखा आवाज आला, पट्ट्याचा जळका वास आला आणि थंड हवा गेली. भर दुपारी नवरीच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आणि गालावरचं सगळं मानेवर. नवरीच्या होणाऱ्या दिराच्या एका पोरानं त्याचा व्हिडिओ काढून 'रडकी नवरी' म्हणून सगळीकडे पाठवला. दोन दिवसांत पार्लरकडे ठरलेली दोन लग्नांची कामं मोडली. "आमचं दुसरीकडं ठरलंय ताई," एवढंच.

राहिलं होतं ते उद्याचं, राणीसावरगावचं.

केवळाबाईच्या राजनंदिनीचं लग्न. केवळाबाई दरसाल ऊसतोडीला जायची, परत आली की शेळ्यांमागं. व्हिडिओ तिनंही पाहिला होता, तरी ती मोडायला नाही, पुन्हा सांगायला आली होती. "ताई, माझी पोर फडात उन्हातच वाढली बगा. एक दिस तिला ऊन लागू देऊ नका. थंड गाडीतनं उतरू द्या मांडवात." शिवकन्या हो म्हणाली होती. लग्नसराईत भाड्याची दुसरी गाडी मिळायची आशाच नव्हती.

म्हणून आज दुपारपासून गाडी अंगणात लिंबाखाली उभी होती, बोनेट उघडं होतं आणि बजरंग आत वाकलेला. परभणीहून मागवलेला एसीचा नवा कॉम्प्रेसर खोक्यात शेजारी. शिवकन्या आत-बाहेर करत होती.

"झालं का?"

"बोल्ट सुटंना."

ती आत जाऊन आली. "आता?"

"तू जितक्या बारी इचारशील तितका उशीर व्हईल."

शेवटी जुना कॉम्प्रेसर निघाला. बजरंगनं हातानं फिरवून पाहिला. हलेना. जाम. त्यानं तो वाटीवर उपडा केला तशी आतलं तेल थेंब-थेंब पडलं, राखेसारखं करडं. बजरंगनं तेलात बोट बुडवून पांढऱ्या फडक्याला पुसलं. शिवकन्यानं फडकं उन्हात धरलं आणि ती जागीच थांबली. फडकं चमचमत होतं.

"ह्ये काय?"

"काय न्हाई. आतलं लोखंड घासलंय. नवा बसवायलोयच की."

"आन पाइपात गेलंय त्याचं?"

"पुसून घेतो तोंडं."

"चमकी पुसून जाती व्हय?" शिवकन्याचा आवाज चढला. "ज्या ब्रशानं एका नवरीला चमकी लावली, तो कितीबी पुसा, दुसरीच्या तोंडावर दिसतीयच. धू-धू धुवावा लागतो. मागच्या महिन्याची चमकी अजून आत्याबाईंच्या उशीला हाय."

"उशीला कशाची," ओसरीवरून गोजरबाई म्हणाल्या, "भाकरीत येती माझ्या!"

"फ्रिजात आमी—" बजरंगनं सुरुवात केली.

"फ्रिज न्हाई ही! फ्रिज समजूनच गॅस भरलाव तुमी. खरखर वाजायली म्हनून वरडत व्हते मी."

बजरंग दुकानातून धुवायचं औषध आणि हवेचा पंप घेऊन आला. पाइप सोडले, रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी मोकळी केली, औषध सोडून हवा मारली. दुसऱ्या तोंडाशी शिवकन्यानं पार्लरमधला पांढरा टॉवेल धरला. टॉवेल करडा झाला. पुन्हा धुतलं, पुन्हा करडा. मग जरा कमी. मग आणखी कमी. पण चार-दोन कण चमकायचे ते चमकतच राहिले.

बजरंग चाकाला टेकून खाली बसला. "जाळीच बदलाया पायजे. आतल्या वाटा केसावानी बारीक. सगळं निघत न्हाई."

"मग बदला."

"परभनीत इचारलं. परवा सकाळी येती म्हनला." त्यानं कपाळ पुसलं. "आता बसवला तर उद्या चालंल. पुढं राहिलेली चमकी नव्याला बी खाईल का, सांगता येत न्हाई. कामून सांगायलोय, की मागून मला बोल लावू नको."

शिवकन्या अंगणात एक फेरी मारून आली. नवा कॉम्प्रेसर गेला तर सगळा हंगाम गेला. तिनं केवळाबाईला फोन लावला. मीच घरी येते, तिथंच नटवते, असं सांगायचं तिनं ठरवलं होतं. पलीकडून केवळाबाईच आधी बोलली.

"बरं झालं लावलाव ताई. पोरगी डोकं खायलीय. इचारती, गाडीत पुढं बसू का मागं?"

शिवकन्यानं लिंबाखालच्या गाडीकडे पाहिलं.

"पुढं बस म्हनावं," ती म्हणाली.

फोन ठेवून ती बजरंगकडे वळली. "बसवा."

त्यानं बसवला. जाळीजवळची, गॅसमधली ओल टिपणारी छोटी बाटली बदलली, जोडांतली रबरं नवी घातली, तेल मोजून ओतलं, पट्टा चढवला. मग पंप लावून पाइपातली सगळी हवा ओढून घेतली, पंप बंद केला आणि घड्याळासारख्या मीटरसमोर बसून राहिला. काटा सरकला तर कुठंतरी गळती.

"सरकला का?"

"तू सरक. अंगावर सावली पडायलीय."

ती सरकली, पुन्हा आली. काटा जागचा हलला नाही. गॅस भरला, गाडी चालू केली. गोजरबाईंनी आत हात घालून पाहिला आणि पहिल्यांदाच तोंडभर कौतुक केलं, "बरफ हाय की!"

"खरखर आली की लगेच बंद कर," बजरंग म्हणाला. "आन परत येताना लावूच नको."

दुसऱ्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. राजनंदिनी पुढं बसली, मागं तिची करवली बसल्या-बसल्या झोपून गेली. शिवकन्याचे डोळे रस्त्यावर होते आणि कान बोनेटमध्ये.

"मावशी, गानं लावा की."

"बिघडलंय," शिवकन्या खोटं बोलली. गाण्यात खरखर ऐकू आली नसती.

थोडं पुढं गेल्यावर राजनंदिनीनं हात पोटाशी घेतले. दंडावर काटा उभा होता. "मावशी, बंद करता का? लय थंडी वाजायलीय. पहाटं फडात ओल्या पाल्यात वाजती तसली."

शिवकन्यानं तिच्याकडे पाहिलं. काल दिवसभर जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ती म्हणत होती बंद करा. तिला हसावं की ओरडावं कळेना. तिनं बंद केलं. गाडीही वाचेल, असं मनात आलंच. राजनंदिनी सैल होऊन बसली. पण एक गाव मागं पडलं न पडलं, तोच तिच्या वरच्या ओठावर घामाचा थेंब उभा राहिला, मग दुसरा.

शिवकन्यानं बटण पुन्हा दाबलं आणि गळ्यातला आपला स्कार्फ काढून तिच्याकडे फेकला. "हातावरनं घे. तोंडाला लावू नको."

अशी मे महिन्यात पांघरूण घेऊन नवरी मांडवात पोचली. बायकांच्या पुढं केवळाबाई धावत आली. दार उघडताच गार हवा तिच्या तोंडावर आली आणि तिनं काही कळायच्या आत लेकीच्या गालावर तळवा ठेवला.

"आगं माय! पोर गार हाय की!"

"हात काढा! सगळं निघंल!" शिवकन्या किंचाळली.

केवळाबाईनं हात काढला नाही. सगळ्या बायका हसत होत्या. हात निघाला तेव्हा नवरीच्या गालावर चार बोटं उमटली होती. शिवकन्यानं पदर खोचला, पेटी उघडली आणि गाडीतच ती बोटं स्पंजानं मिटवली.

परतीच्या वाटेला तिनं काचा खाली घेतल्या. झळा तोंडावर येत होत्या. फोन वाजला तशी तिनं गाडी कडेला घेतली.

"पोचली का नवरी?" बजरंग.

"पोचली. गार."

"वाजलं का काई?"

जाताना गावाच्या शेवटच्या वळणावर काहीतरी वाजलं होतं. खडा असेल. खडाच असेल.

"मला आता समदंच वाजलेलं ऐकू येतंय," ती म्हणाली. "उद्या त्यो परभनीवाला दुकान उघडायच्या आधी तुमी जाळी घ्यायला दारात उभं राहायचं."

"आन पेढेवाल्याचा फ्रिज?"

"पेढे खाऊन टाक म्हनावं त्याला."

केवळाबाईनं डब्यात बांधून दिलेली बुंदी तिला आठवली. उतरून, दाराला टेकून, उभ्यानंच ती बकाबका खाऊ लागली. इंजिन तिनं चालूच ठेवलं होतं. मधेच घास थांबवून ती ऐकत होती.