अर्धा सूर खाली

अण्णा, औशाच्या स्टँडवर तुम्ही माझी बॅग पुण्याच्या गाडीत चढवलीत, पाण्याची बाटली हातात दिलीत आणि कंडक्टरला बजावलंत, "पोरगी एकटी हाय, ध्यान ठेवा." सगळं केलंत, फक्त तुमचा बेस, तो जाड तारांचा गिटार, दिला नाहीत. मागितला तर म्हणालात, "तिथं गुमान नोकरी कर. घरातली वस्तू घरात ऱ्हाऊ दे." घरात म्हणजे सचिनकडं. माझ्या या भावानं जन्मात कधी तार छेडली नव्हती. त्यानं तो मोबाइलच्या दुकानात भिंतीवर टांगला, शोभेला. गाडी सुटेपर्यंत मी तुमच्याकडं बघितलं नाही. सहा वर्षं झाली, राग गेलेला नाही.

तुम्ही लातूरच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचात. लग्नं, हळदी, गणपती, पार नांदेडपासून जळकोटपर्यंत. मी सातवीपासून तुमच्या जुन्या तारा पातेल्यात उकळून साफ करायची आणि तुम्ही जेवायला बसलात की बेस मांडीवर घ्यायची. तुम्ही घास हातात धरून चूक सांगायचात. शिकवलंत तुम्हीच, ते नाकारत नाही. पण पाहुणे आले की म्हणायचात, "पोरीला नाद हाय जरा." सचिननं एकदा गाडीचा प्लग पुसला तर तो गावभर मेकॅनिक झाला. माझ्याबद्दल तुमच्या तोंडून मला एवढंच ऐकायचं होतं, की ही वाजवते.

पुण्यात मी विम्याचे क्लेम तपासते. ऑफिसातल्या तिघांचा बँड आहे. जुनं रॉक अँड रोल वाजवतात, आपल्या आजोबांच्या तरुणपणी अमेरिकेत लोक ज्यावर नाचले ते. त्यांना बेसवाला हवा होता. मी म्हटलं, मी आहे. उसना बेस घेतला, कानानं सुरात लावला, डोळे मिटून सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला तिघं थांबले. मी सगळ्यांच्या अर्धा सूर खाली होते. "मॅडम, गावाकडं सूर स्वस्त मिळतो का?" एकजण म्हणाला. बाकीचे हसले.

तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही सहज सांगितलंत, "आपल्या काकांचा गळा वर जात न्हवता. म्हणून बारा म्हैने अर्धा सूर उतरवूनच ठिवायचो." काका म्हणजे तुमचे गायक. त्यांच्या गळ्यासाठी तारा उतरवल्यात, कीबोर्ड उतरवलात, त्याबरोबर माझा कानही उतरवलात आणि ते मला सांगायचं राहूनच गेलं! त्या दिवशी मी फोन आपटला.

पूर्ण सुरात तारा ताणल्या की बोटं सोलून निघायची. माझ्या हाताला तुमच्या सैल तारांची सवय. म्हणून स्वतःचा बेस घ्यायला निघाले. पहिल्या दुकानात माणूस माझ्याशी न बोलता सोबतच्या मित्राशीच बोलत होता. मला म्हणाला, "तुमच्यासाठी छोटंसं युकुलेले दाखवू?" दुसऱ्या दुकानदारानं पाच तारांचा, डझनभर बटणांचा चमचमता बेस पुढं केला. जुन्या रॉक अँड रोलला काय करायचीत एवढी बटणं? चार तारा, गोल, जाड, ढोलासारखा आवाज, एवढं पुरतं. तिसरीकडं कोपऱ्यात एक सेकंडहँड पडला होता. आखूड मानेचा, रंग उडालेला, माझ्या पगाराच्या निम्म्यात बसणारा. "तो लहान मुलांचा आहे," दुकानदार म्हणाला. मी आवाज वाढवणारा अँप बंद करायला लावला आणि बेसचं वरचं टोक, ते शिंग, हनुवटीला टेकवून तार ओढली, तुम्ही करायचात तसं. दातापर्यंत आवाज आला. मान आखूड असली की पूर्ण सुरातही तारा मऊ राहतात. माझ्या बोटांना हवं होतं ते तिथं होतं. तो विकत घेऊन बाहेर येईपर्यंत मी त्या दुकानदारावरही चिडलेली होते.

गेल्या उन्हाळ्यात सचिनच्या लग्नाला तो बेस घेऊन लातूरला आले. ऑर्केस्ट्रा तोच, काकाही तेच, फक्त बेसवर मी उभी राहिले. काका माइक धरून म्हणाले, "अर्धा सूर उतरव गं पोरी."

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही म्हणालात, "उतरव की. मोठे हायत ते."

"न्हाई उतरवणार," मी म्हटलं. कीबोर्डवाल्या पोरानं एक बटण दाबलं आणि तो माझ्या सुरात आला. काका पहिल्या कडव्यात अडखळले, दुसऱ्यात वरचे सूर खाली घेऊन निभावलं. गाणं झालं. तुम्ही माझ्याशी जेवणापर्यंत बोलला नाहीत.

पुण्यात कुणी घर कुठं म्हणून विचारलं तर मी औसा सांगते. औशात विचारलं तर काय सांगावं ते कळत नाही. पण पंगतीत शेजारच्या पाहुण्यानं तुम्हाला विचारलं होतं, ती स्टेजवरची कोण? मी मागंच वाढत होते, तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही रागानं भात कालवत म्हणालात, "माझीच पोरगी. वाजवती. कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई."

माझ्या हातातली वरणाची बादली तशीच राहिली. अण्णा, दिवाळीला येतेय. चिडलेलीच आहे अजून.