दुरून येणारी खरखर

निजामाच्या राजवटीत डोंगरकडा गावी माझ्या काकांकडे आणि त्यांच्या मेहुण्याकडे लंडन ऐकण्यासाठी आणलेले महागडे रेडिओ होते. कुणाचा चांगला, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. शेवटी आम्ही दोन्ही रेडिओ ओट्यावर मांडले आणि वाटेनं जाणाऱ्या एका अनोळखी म्हाताऱ्याला निवाड्याला बसवलं.

त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं, डोळे मिटले आणि आळीपाळीनं दोन्हींना कान लावला. दोन्हींतून नुसती खरखर येत होती. बऱ्याच वेळानं काकांच्या रेडिओवर हात ठेवून तो म्हणाला, "ह्यो चांगला."

"काहून?" मेहुण्यानं विचारलं.

"तुमची खरखर इथलीच हाय, मालक. यांची लई दुरून येऊन राहिली."

आधी मेहुणा हसला, मग काकाही. त्या रात्री दोघं एका पंगतीला जेवले. म्हाताऱ्याचं नाव विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.