पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही

कागद दिला की पोचकाका खिडकीसमोरून हलत नसत. ऑफिस कोणतंही असो. बाबू म्हणायचा, "ठेवून जा, बघतो." काका ठेवायचे, पण जायचे नाहीत. भंडाऱ्याच्या एका कार्यालयात माझ्या कागदासाठी ते अकरा वाजता उभे राहिले. बाबू चहाला गेला, जेवायला गेला, परत आला, तर काका तिथंच. बाबू चिडला.

"अहो, घेतला ना तुमचा कागद! आता काय माझ्या डोक्यावर बसता?"

"डोक्यावर नाई साहेब, कागदावर. या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारा, सही करा, तारीख टाका. मंग जातो."

रांगेतले लोक हसले. बाबूनं शिक्का असा आपटला की टेबलावरचा कप हलला. काकांनी शाईवर फुंकर घातली, ती वाळू दिली आणि मगच कागद कापडी पिशवीत ठेवला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पोचेवर जास्त काही लिवा लागत नाई पोरी. भेटलं, सही, तारीख. बस. पण तेवढं नसलं ना, तं तू कागद देल्लाच नाई."

काका तुमसरच्या एका कॉलेजात शिपाई होते. आवक-जावकच्या टेबलाशी त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले आणि आमच्याच समाजातल्या दोघांना धरून त्यांनी मंडळ काढलं. एक निवृत्त नर्स, त्यांना आम्ही सिस्टर म्हणायचो, आणि एक प्राथमिक शाळेचे गुरुजी. टायरच्या दुकानावरची एक खोली, चार खुर्च्या, एक सतरंजी. दलित वस्त्यांतली जी पोरं-पोरी पीएच.डी.ला लागलीत, त्यांच्यामागं उभं राहायचं, हेच मंडळाचं काम. फॉर्म वाचून देणं, फेलोशिपचा अडकलेला कागद सोडवणं, मार्गदर्शक भेटतच नसतील तर सोबत जाऊन त्यांच्या दाराशी बसणं. काकांना स्वतःला इंग्रजी जेमतेम यायचं, पण कोणता कागद कोणत्या टेबलावर मरतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी सिहोऱ्याच्या बाजूची. बाप दुसऱ्याच्या धानात राबणारा, आई राइस मिलमध्ये. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, हे मी आजही छाती पुढे काढूनच सांगते. माझा विषय लाखोळी. आमच्याकडे धान कापायच्या आधी, उभ्या धानातच या डाळीचं बी फेकतात. शेतातल्या उरलेल्या ओलीवर ती येते. तिच्यात एक विषद्रव्य असतं, फार खाल्लं तर माणूस पांगळा होतो म्हणतात. जुन्या घरांतून जपलेल्या काही बियाण्यांत ते कमी असावं असं मला दिसत होतं, आणि ते सिद्ध करायचं होतं.

मंडळाचा एक दंडक होता. आपलं संशोधन आधी काकांना आपल्या बोलीत सांगायचं. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अर्धे शब्द इंग्रजी. काका मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मले काहीच नाई समजलं. तुले समजलं काय?" मी घरी जाऊन रडले. दुसऱ्या वेळी आईला सांगतात तसं सांगितलं. काका पुढे सरकून बसले. "मंग माह्या सासरची लाखोळी कायले नाई घेतली तू?" पुढच्या आठवड्यात त्यांच्या सासरचं बियाणं डब्यात घालून माझ्यासमोर.

एकदा माझ्या प्रबंधाची कच्ची प्रत चाळताना ते पहिल्याच पानावर अडले. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, अ‍ॅक्नॉलेजमेंट. हा एक इंग्रजी शब्द त्यांच्या टेबलावरचा, रोजच्या ओळखीचा. चष्मा वर करून म्हणाले, "पोच लावली, हे बेस केलं. पण शिक्का कुठी हाये?" आम्ही सगळे लोटपोट हसलो. सिस्टर म्हणाल्या, "अहो, ते आभाराचं पान हाये. कोणी-कोणी मदत केली ते लिवतात." काका हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "म्हणजे ज्याच्यापासून जे भेटलं ते भेटलं म्हून लिवून देणं. पोचच झाली ना मंग!"

या वेडामागचं कारण मला सिस्टरांनी सांगितलं. काका एम.ए. झाले होते. शिपायाच्या नोकरीत असतानाच त्यांनी संशोधनासाठी नोंदणीचा अर्ज केला होता, आपल्या हातानं खिडकीत दिला होता. यादी लागली, नाव नाही. विचारायला गेले तर उत्तर आलं, "तुमचा अर्ज आलेलाच नाही." काका म्हणाले, मी दिला आहे. तिथला अधिकारी हसून म्हणाला, "शिपाई ना तुम्ही? आपली पोच किती, मागता काय!" पोच म्हणजे कागदाची कबुली, आणि पोच म्हणजे माणसाची झेपही. एकाच शब्दानं त्यांना दोन्हीकडून मारलं. तो अर्ज पुन्हा त्यांनी केला नाही.

गेल्या वर्षी धानकापणीच्या दिवसांत पुण्याच्या एका ट्रस्टचं पत्र आलं. मागं राहिलेल्या समाजातल्या संशोधकांना पुढं आणणाऱ्या गटांना तीन वर्षं पाठबळ द्यायचं होतं, आणि कोणीतरी आमच्या मंडळाचं नाव सुचवलं होतं. माझी फेलोशिप तेव्हा संपली होती. बियाण्यांची शेवटची तपासणी नागपूरच्या प्रयोगशाळेत व्हायची होती, आणि जूनपर्यंत प्रबंध दिला नाही तर विद्यापीठ नोंदणी रद्द करणार होतं. मुदतवाढ एकदा घेऊन झालेली. ट्रस्टचा पैसा आला तर माझी पीएच.डी., नाही तर पाच वर्षं पाण्यात. माझ्यासाठी हिशोब इतका सरळ होता.

ट्रस्टकडून एक बाई आणि एक तरुण अधिकारी आले. बाई भल्या होत्या, हे सांगायलाच हवं. सतरंजीवर मांडी घालून बसल्या, चहा घेतला, माझं लाखोळीचं बोलणं मन लावून ऐकलं. मग तरुणानं करार काढला. पैसा नागपूरच्या एका नामवंत संस्थेकडे जाणार. कोणाला मदत द्यायची, कोणाला नाही, ते त्यांची समिती ठरवणार. मंडळ "स्थानिक सहयोगी". मुलं आणून द्यायची, बाकी ते बघणार. आमच्या नावांपुढे लिहिलेलं होतं, लाभार्थी.

"आमच्यातलं कोण हाये समितीत?" काकांनी विचारलं.

"समितीत अनुभवी प्राध्यापक आहेत, काका. तुमचा सल्ला आम्ही घेऊच," तरुण म्हणाला.

"सल्ला भेटते हो आमच्यापासून फुकट. फैसला कोण करन, ते विचारून राहिलो."

'मिळतो'च्या जागी आलेल्या 'भेटते' या शब्दावर तरुण किंचित हसला. खोली गरम होऊ लागली होती. वातावरण सांभाळायला बाई मध्ये पडल्या आणि अगदी आपुलकीनं म्हणाल्या, "काका, आम्हाला फक्त एवढंच समजून घ्यायचंय. तुमच्या मंडळाची पोच किती?"

त्यांना विचारायचं होतं, किती गावांपर्यंत, किती मुलांपर्यंत पोचता. पण सिस्टरांच्या हातातला कप तसाच राहिला. गुरुजी खाली बघू लागले. मला वाटलं, आता काका उठून जाणार, आणि त्यांच्याबरोबर माझा प्रबंधही जिना उतरणार.

काका उठले नाहीत. त्यांनी पिशवी पुढे ओढली आणि सतरंजीवर पालथी केली. दोऱ्यानं बांधलेल्या गड्ड्या. प्रत्येक कागदावर शिक्का, सही, तारीख. "घ्या. मोजा माही पोच," ते म्हणाले. "हा एकोडीचा पोरगा, आता कॉलेजात शिकवते. ही बपेऱ्याची, इचं पेपर छापून आलं. एक-एक कागद मी उभं राहून आनला. हे लाभार्थी नाई बाई. हे संशोधक होत."

बाईंचा चेहरा उतरला. आपण काय बोललो हे त्यांना कळलं नाही, पण काहीतरी लागलं हे कळलं. काकांनी करारावर सही केली नाही. वहीतून कोरा कागद घेतला, खाली कार्बन ठेवला आणि लिहायला बसले. पैसा मंडळाकडे यावा, निवड मंडळानं करावी, नामवंत संस्थेनं हवं तर सल्ला द्यावा. तिघांच्या सह्या झाल्या. मग दुसरी प्रत बाईंपुढे धरली. "भेटलं म्हून सही करा."

"काका, पोच म्हणजे मंजुरी नव्हे हं," तरुण म्हणाला.

"माहीत हाये बापा. पोच म्हणजे एवढंच का आता कोणी म्हणू शकत नाई, का आलंच नाई म्हून."

बाईंनी सही केली, तारीख टाकली.

गाडी निघून गेली आणि माझा तोल सुटला. "काका, तुमचा एक अर्ज हरवला म्हणून माझं सगळं हरवू देऊ नका!" असं मी सिस्टर-गुरुजींसमोर म्हणाले. ते ऐकून काकांनी गड्ड्या एकेक करून पिशवीत भरल्या आणि जिना उतरून गेले. "जय भीम"सुद्धा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते बसनं आमच्या घरी आले. बाबांशी धानाच्या गोष्टी केल्या, आईच्या हातचा चहा घेतला. मी चुलीपाशीच बसून राहिले. निघताना दारातून म्हणाले, "सही मी केली असती पोरी. तुह्यासाठी करूच वाटलं. पण तुह्यामागून जे पोरगी येईन, तिचा अर्ज कोनाच्या टेबलावर जाईन? आन तुहं काय होईन ते मले माहीत नाई. खोटं बोलत नाई." ते बस यायच्या वेळेला हळूहळू चालत गेले. मध्येच थांबून दम घेत होते, तेही मी पाहिलं आणि तरी उठले नाही.

पुढचे तीन महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ट्रस्टकडून काही नाही. प्रयोगशाळेत बियाण्यांच्या पुड्या तपासणीविना पडून होत्या. जून जवळ येत होता. गावातल्या एका खासगी शाळेत मी नोकरीसाठी विचारूनही आले. मग जानेवारीत मंडळाच्या ईमेलवर दोन ओळी आल्या. आपल्याकडून मुदतीत कोणताही प्रतिसाद न आल्यानं आपला प्रस्ताव बंद करण्यात येत आहे. मी तिथंच फोन लावला. त्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या. नवीन माणूस म्हणाला, "मॅडम, तुमचं असं कोणतंही पत्र फाईलमध्ये नाही. आलेलंच नाही."

आलेलंच नाही.

काका तेव्हा भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती होते, छातीचं दुखणं घेऊन. मी धावत वॉर्डात गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं त्यांना धक्का बसेल. ते उशीला टेकून असे हसले की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "आलंच नाई म्हनते काय? पिशवी काढ खाटेखालून! वरच हाये."

बाईंची सही, तारीख. मी फोटो काढला आणि तिथूनच पाठवला. खाली एकच ओळ लिहिली, हे पत्र आपल्याला या दिवशी मिळालेलं आहे. दोन दिवसांनी माफीचा फोन आला. त्यानंतर तीनदा ऑनलाइन बैठक झाली, आणि दर वेळी तेच-तेच प्रश्न विचारले गेले. सिस्टर आणि गुरुजी एका शब्दानंही मागं हटले नाहीत. या वेळी मीही नाही. शेवटी पत्र आलं. आधी एक वर्ष, पण पैसा मंडळाकडे आणि निवडही मंडळाचीच. मी ते काकांना वाचून दाखवलं. त्यांना बोलताना दम लागत होता. म्हणाले, "याची बी पोच पाठव त्यायले. आपन विसरू नोको."

मला माफी मागायची होती. शब्द जुळवत होते तेवढ्यात त्यांनी विचारलं, "माह्या सासरच्या लाखोळीत इख किती निघालं?" तपासणी अजून व्हायची होती. मी म्हणाले, "सांगते काका, पुढच्या महिन्यात." निकाल आला तोपर्यंत काका राहिले नव्हते. सगळ्या बियाण्यांत सगळ्यात कमी विष त्या डब्यातल्या लाखोळीत निघालं.

जूनच्या आधी प्रबंध बांधायला गेला. आभाराच्या पानावर मी गुरुजनांची, घरच्यांची नावं इंग्रजीत लिहिली आणि त्यापुढचं अख्खं पान काकांसाठी ठेवलं. त्यावर मराठीत एक शब्द, खाली माझी सही आणि तारीख. मार्गदर्शक सर प्रत चाळताना त्या पानाशी अडले.

"एवढंच? आणि हे 'भेटलं' काय लिहिलंस? प्रबंध आहे हा. वस्तू मिळते, माणूस भेटतो."

"हो सर," मी म्हणाले, "म्हणूनच तसं लिहिलंय."

त्यांनी पान राहू दिलं. मी प्रती घेऊन विद्यापीठाच्या खिडकीशी गेले. आतला बाबू म्हणाला, "ठेवून जा, बघतो."

मी ठेवल्या. आणि उभी राहिले.