व्याह्यांचा रुसवा आणि चार पेट्या

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं, तेही माझ्याच घरात, माझ्याच ताटावर बसून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करतोय असा कोणाचा गैरसमज नको. कारेगावात पत्र्याच्या शेडमध्ये मी विजेच्या पेट्या बनवायला लागलो आणि आज रांजणगावातल्या कंपन्यांचे खरेदी साहेब माझा फोन आला की आधी पाणी पितात, मग उचलतात. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांत भाव करताना मला वाकवणारा माणूस नाही. एकच आहेत, ते खुटबावला राहतात, आणि माझी मुलगी मी त्यांच्याच घरात दिली आहे.

व्याही शॉर्टसर्किटला जितके भितात तितकं कोणी नागालाही भीत नसेल. आयुष्यभर ते ब्रेकरच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. मुद्दाम शॉर्ट करायचा आणि ब्रेकर वेळेत पडतो का ते बघायचं, ही त्यांची नोकरी. त्यात डावी भुवई जळाली ती परत उगवलीच नाही, त्यामुळे ते कितीही रागावले तरी अर्धाच चेहरा रागावतो. निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. घरात प्रत्येक दिव्याला, अगदी देवघरातल्या बल्बलासुद्धा, स्वतंत्र ब्रेकर. पाहुणा अंघोळीला गेला की हे मुद्दाम गिझरची लाईन पाडणार आणि बाहेरून ओरडणार, "पाणी गार झालं आसंल, पन दिवा चालूय न्हवं? मंग झालं!" मुलीच्या लग्नात आधी फेटा कोणाला बांधला यावरून माझे दोन चुलते एकमेकांच्या अंगावर धावले. अख्खी पंगत उठायच्या बेतात होती. व्याह्यांनी दोघांना गोड बोलून माझ्या बंद टेम्पोत नेऊन बसवलं, बाहेरून कडी घातली आणि वाढप्याला म्हणाले, "लाईन तोडलीया. वाढ बुंदी." चुलत्यांची आठवण आम्हाला थेट पाठवणीच्या वेळी झाली.

तर रांजणगावातल्या एका नव्या कंपनीनं बॅटरीवर उडणारं दोन माणसांचं छोटं विमान बनवायला घेतलं. माझी मुलगी तिथे इंजिनिअर, व्याही सल्लागार, आणि बॅटरीची वीज पंखांवरच्या चार मोटरींना वाटणाऱ्या पेटीचं काम मी भांडून मिळवलेलं. मी एकच पेटी सांगितली. आत एक दणकट ब्रेकर, वजन कमी, काम सुटसुटीत. कंपनी राजी झाली. व्याही शेडमध्ये येऊन बसले.

"पाव्हणं, घरातला करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर यून दम खातो, तेवढ्यात ठिणगी मरती. बॅटरीचा करंट दमच खात न्हाई. त्यात वर हवा पातळ, तिथं ठिणगी आनखी माजती. पापणी लवायच्या आत लाईन तुटाया पायजे."

"तोडतोय की माझा ब्रेकर!"

"तोडतोय, पन चारी मोटरी मारून. मंग काय, गाडी ढगाच्या कडंला लावून मिस्त्री बोलावता?"

माझं डोकं फिरलं. "ह्यो काय लगनाचा टेम्पो न्हाई," मी म्हणालो. "पेटी एकच व्हनार." ते उठून गेले. मला वाटलं, जिंकलो.

पुढे धोंड्याचा महिना आला. जावई, त्याचे आईवडील, सगळी भावकी जेवायला. पानं वाढली आणि व्याही दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मुलाचा बाप घास घेत नाही तोवर मुलीकडच्या कोणी ताटाला हात लावायचा नाही, ही आमची रीत. धोंडे निवले. तूप थिजलं. बायको माझ्याकडे अशी बघायला लागली की तिच्या नजरेपेक्षा ते थिजलेलं ताट बरं. मला वाटलं, अंगठी हवी असेल. भावात मी कधी आधी बोलत नाही, त्या दिवशी बोललो. "पाव्हणं, रुसू नका. मागाल ते दिलं!"

अर्धा चेहरा हसला. "चार मोटरी, चार पेट्या. ज्या लाईनीला शॉर्ट, तेवढीच तुटंल." आणि त्यांनी धोंडा तोडून तोंडात घातला. भावकीतल्या म्हाताऱ्यांना पेट्या आंब्याच्या वाटल्या. "द्या की, चारच तर मागत्यात," ते म्हणाले. भरल्या पंगतीत दिलेला शब्द, मागे घेणार कसा? कंपनीला पटवून मी चार पेट्या करून दिल्या.

पहिलं उड्डाण दौंडकडच्या एका खाजगी धावपट्टीवर होतं. मी नारळ घेऊन गेलो. पायलटच्या शेजारी बसायला एक जण निघाली, तिनं वेणी कॉलरच्या आत खोचली आणि हेल्मेट चढवलं. वेणी खोचायची ती पद्धत मी तिच्या शाळेपासून बघतोय. मी ओरडलो, तोवर काच बंद झाली होती. व्याह्यांनी माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. विमान उठलं, लिंबांच्या रांगेवरून वळलं, आणि डावीकडचा एक पंखा थांबला. खालून स्पष्ट दिसत होता, उभा, मेल्यासारखा. विमान कलंडलं. माझ्या हातातला नारळ कधी पडला ते कळलं नाही. मग ते सावरलं, राहिलेल्या तीन पंख्यांवर वळसा पुरा करून आलं आणि उतरलं.

आत केबल घासून शॉर्ट झाला होता. त्या एका पेटीनं आपली लाईन तोडली, बाकीच्या तिघींना पत्ताही नव्हता.

पोरगी उतरली ती आधी सासऱ्याकडे धावली. "मामा, तिन्ही चालू राहिल्या!" मग मला म्हणाली, "पप्पा, पेट्या भारी झाल्यात."

मी व्याह्यांकडे वळलो. "ही बसनार, हे तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"मंग मला का सांगितलं न्हाई?"

"सांगितलं आसतं, तर बसू दिली आसती?"

मी खाली वाकून पडलेला नारळ उचलला. माझ्या मनगटावर त्यांची बोटं उमटली होती.

हल्ली ते आमच्याकडे आले की रुसत नाहीत. वाढाल ते मुकाट्यानं जेवतात, वर "झ्याक झालंय" म्हणतात. मला ते बघवत नाही. एकदा तरी हात मांडीवर ठेवून बसावं असं वाटतं. पण म्हणून माझी तक्रार मिटलेली नाही. खरं कारण सांगितलं असतं, तर चारच्या मी आठ केल्या असत्या, भरल्या घराला उपाशी बसवायची गरज नव्हती. मुलगी आभाळात जाणार हे सासऱ्याला ठाऊक, नवऱ्याला ठाऊक, आणि बापाला मात्र काच बंद झाल्यावर कळणार, ही कुठली रीत? खुटबावच्या व्याह्यांनी द्यावं नाहीतर माझ्या पोरीनं द्यावं, पण याचं उत्तर मला पाहिजे, आणि यात मी घासाघीस करणार नाही.