एकाच पानाचे तुकडे

पळसाच्या पत्रावळींचा गठ्ठा सोडला की तो वाळका वास येतो आणि माझं डोकं फिरतं. काल तसंच झालं. शेजारी नात भूगोल मोठ्याने वाचत होती: पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने खालचा खडक संथपणे ढवळला जातो आणि वरचे खंड वर्षाला नखं वाढतील तेवढे सरकतात.

चाळीसच्या दशकातली आमची कर्जतजवळची शाळा डोळ्यांपुढे आली. आई पत्रावळी लावायची. फाटलेलं पानही ती टाकत नसे. कडेला कड जुळवून काडी टोचायची. त्यामुळे गुरुजींनी जगाचा नकाशा टांगला, तेव्हा मला ते लगेच दिसलं.

"गुरुजी, आफ्रिका नि पलीकडची अमेरिका एकाच पानाचे तुकडे हायेत. फाटून लांब गेलेत."

"जमीन म्हणजे तुझ्या आईची पत्रावळ वाटली काय गं?"

वर्ग खो खो हसला. शाळा सुटेपर्यंत मी बाकावर उभी होते. शिक्षेचं काही नाही; आईला हसले, ते लागलं.

गुरुजी केव्हाच गेले. उद्या शाळेत त्यांची तसबीर लावणार आहेत आणि चार शब्द बोलायला मला बोलावलंय. मी हार नेणार नाही, पळसाचं पान नेणार आहे. भर सभेत ते फाडीन, पुन्हा जुळवीन आणि आईचं नाव मोठ्याने घेईन. गुरुजींना बाकावर उभं करायची गरजच नाही. ते आयतेच वर टांगलेले असतील.