आत्या झाकून न्यायच्या ते दूध

बडोद्यातल्या आमच्या गोतावळ्यात कुठल्याही बाळंतिणीचं दूध दाटलं, की ते सगळ्यांत आधी पाणीगेटला कळायचं, मग त्या बाळंतिणीला, आणि घरातल्या पुरुषांना तर कधीच नाही. पाणीगेटला माझ्या नवऱ्याच्या चुलत आत्या राहत. उंच, वाळलेल्या, पांढरट पातळातल्या. चालताना त्यांचं पाऊल वाजत नसे. माझी जाऊ बाळंत झाली तेव्हा आम्ही बाहेरच्या खोलीत बारशाच्या पेढ्यांवरून भांडत होतो. आत जाऊन बघतो तर आत्या स्वयंपाकघरात पाणी तापवत उभ्या! दार कोणी उघडलं, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. घरात फोन नव्हता, निरोप कोणी धाडला नव्हता. सासऱ्यांनी घाबरतच विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?" "मला दुखायला लागलं की समजतं," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही कोबीज घेऊन या. आणि ताजी बघा, नकामी आणू नका." सासरे आयुष्यात पहिल्यांदा भाजी आणायला पळाले.

आत्या बाळंतिणीशी कमी आणि तिच्या छातीशी जास्त बोलत. "काय बाबांनो, एवढं फुगायला काय झालं?" असं विचारत गरम ओला टॉवेल ठेवत. कोणी म्हातारी "बाळाला वरचं द्या" म्हणाली, की तिला खोलीबाहेर काढत. "एका तोंडासाठी दोन पंगतींचा स्वयंपाक झालाय, एवढंच. चार दिवसांत अंदाज येईल. बाळाला लावत राहा." हे सगळं ठीकच होतं. पण आत्या बाळाकडे कधीही बघत नसत. पाळण्याकडे पाठ करून बसत, आणि कोणी कौतुकानं बाळ पुढे केलंच, तर पदर डोळ्यांवर ओढून घेत. पिळलेलं दूध पायदळी येऊ नये म्हणून बाकीच्या बायका ते झाडाच्या मुळाशी ओतत. आत्या मात्र वाटीवर कोबीचं पान झाकून ते आपल्याबरोबर घेऊन जात. कोणी म्हणे सापाला पाजतात, कोणी त्याहून वाईट म्हणे. माझ्या सासूबाईंनी मला एवढंच बजावलं होतं, "विचारू नकोस, आणि नाहीही म्हणू नकोस."

मी मात्र ठरवलं होतं, माझ्या लेकीचं दूध मी नेऊ देणार नाही. तोवर आम्ही हरणीला नव्या सोसायटीत राहायला गेलो होतो. बाळंतपणाचा चौथा दिवस. छाती दगडासारखी झालेली, अंगात कणकण, आणि लेकीच्या तोंडात काही धरलंच जात नव्हतं. तिचे ओठ सारखे निसटत होते. सकाळभर ती टाहो फोडून रडली, आणि दुपारी एकाएकी गप्प झाली. तिचं ते गप्प होणं ऐकून मी घाबरून तिला हलवलं. मान वळवली, तर उशाशी आत्या उभ्या होत्या.

"शांती राख," त्या म्हणाल्या. टॉवेलानं शेकलं, मग बोंडाभोवती बोटं टेकवून हलके हलके दाबलं. "जोर नाही करायचा, मनधरणी करायची." वाटीत थेंब पडू लागले. पुढचा भाग मऊ झाल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि नुसत्या हातांनी चाचपत लेकीचं तोंड बरोबर लावून दिलं. थोडा वेळ काहीच नाही. मग गटकन एक घोट. मी हमसून हमसून रडले. पाजून झाल्यावर कोबीची गार पानं छातीवर ठेवायची, असं मला बजावून आत्यांनी वाटी झाकली आणि उठल्या.

मी त्यांचं मनगट धरलं. "आत्या, हे कुठे नेता?"

त्या रागावल्या नाहीत. बसल्या. "माझं चौथ्या दिवशी भरून आलं. बाळ तिसऱ्या दिवशी गेलं होतं. सगळे म्हणाले, घट्ट बांधून टाक, आपोआप आटेल." त्यांनी पदर सारखा केला. "पादरा गावाच्या रस्त्याला पुरलंय. आता तिथे पंक्चरवाल्याचं दुकान आहे. तो मला गांडी समजतो, वेडी गं. पण मी गेले की स्टूल बाजूला घेतो बिचारा. सगळ्यांचं थोडं थोडं नेते. भुकेलं गेलं ना माझं."

मला स्वतःची लाज वाटली. "हिला एकदा बघा तरी," मी म्हटलं.

"नको. माझी नजर उपाशी आहे."

मी ऐकलं नाही. लेक पीत होती, तशीच त्यांच्याकडे वळवून धरली. त्या इतका वेळ बघत राहिल्या की मला पुन्हा भीती वाटू लागली. मग हळूच म्हणाल्या, "पिताना डोळे उघडे ठेवते?"

"हो."

"माझ्या बाळानं उघडलेच नव्हते."

वाटी जेमतेम अर्धी होती. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि दुसऱ्या बाजूचं दूध त्यांनी शिकवलं तसं पिळू लागले. "बस हवे, पुरे गं," त्या म्हणत राहिल्या, "जास्त काढलंस तर जास्त येईल." येऊ दे, मी म्हटलं, आणि वाटी काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिली.